कारखान्यातला मनाचा डॉक्टर कोणाचा?

जबलपूर शहराच्या उत्तर अंगाला, आधारतालच्या पुढे गेले की रिछाईची औद्योगिक वसाहत लागते. या शहरातील मोठे कारखाने देशाला ठाऊक आहेत : १९०४ ची गन कॅरेज फॅक्टरी, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४२ मध्ये उभा राहिलेला खमरियाचा दारूगोळा कारखाना, १९६९ ची व्हेइकल फॅक्टरी. रिछाईची गोष्ट निराळी. येथे पत्र्याच्या छपरांखाली चालणारे लहान-मध्यम उद्योग आहेत; कुठे लेथ आणि वेल्डिंग, कुठे खाद्यपदार्थांवरील प्रक्रिया, कुठे यंत्रांचे सुटे भाग. एका छपराखाली वीस, चाळीस, फार तर शंभर माणसे. त्यांना कारखान्याचे स्वतःचे रुग्णालय नाही, राहायला वसाहत नाही आणि पाठीशी बळकट कामगार संघटनाही नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला हे गाव दूरचे वाटेल; पण ते तितके दूर नाही. १७९८ ते १८१७ जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते. पुढे मध्य प्रांताचा भाग झाल्यावर १९५६ पर्यंत या शहराची राजधानी नागपूरच होती. त्या प्रांतात इंग्रजांनी चालवलेली मनोरुग्णालये दोन, एक नागपुरात आणि दुसरे जबलपुरात. आजही खमरियाचा कारखाना ज्या सरकारी कंपनीत मोडतो त्या म्युनिशन्स इंडियाचे मुख्यालय पुण्यात आहे आणि येथील ग्रे आयर्न फाउंड्री ज्या यंत्र इंडियाकडे गेली तिचे नागपुरात. रिछाईत जे घडते किंवा घडत नाही, ते चाकण, बुटीबोरी, वाळूज आणि हिंगण्यालाही लागू पडते.

गेल्या हिवाळ्यात रिछाईतील एका छोट्या उद्योजकाच्या कचेरीत सहा जण जमले होते. दोन तरुण मानसोपचारतज्ज्ञ, एक चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, चार-पाच कारखान्यांना आठवड्यातून एकदा भेट देणारा एक डॉक्टर, सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेला एक कल्याण अधिकारी आणि तो उद्योजक स्वतः. कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी एक व्यावसायिक संघटना शहरात उभी करावी, असा त्यांचा विचार होता. मला बोलावले ते माझ्या जुन्या नोकरीमुळे. मध्य प्रदेशच्या १९७३ च्या संस्था नोंदणी कायद्याखाली घटना कशी लिहायची, कार्यकारिणीत किती जण घ्यायचे, वार्षिक सभा कधी बोलवायची, हे निवृत्त अधिकाऱ्याला ठाऊक असते अशी लोकांची समजूत असते, आणि ती बरीचशी खरीही असते.

मसुदा तासाभरात झाला. मग त्यांतील सर्वांत तरुण डॉक्टरने विचारले, ‘‘सर, सभासद कसे वाढवायचे?’’ मी म्हणालो, ‘‘ते नंतर पाहू. आधी तुमचा डॉक्टर कोणाचा, मालकाचा की कामगाराचा, ते ठरवा. त्याचे उत्तर घटनेत लिहिले नाही तर सभासद वाढून उपयोग नाही.’’ माझ्या स्वरात जरा अधिक कडवटपणा आला असावा. कारण खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही. त्या कडवटपणाचे कारण एक नस्ती आहे. ती मी स्वतः बंद केली होती.

एक बंद केलेली नस्ती

२००४ ची गोष्ट. मी जिल्हा प्रशासनात होतो. एका खासगी कारखान्यातील टर्नरची पत्नी अर्ज घेऊन आली. नवरा चाळिशीचा, हातात कसब असलेला, अकरा वर्षांची नोकरी. काही महिन्यांपासून तो झोपत नव्हता, जेवत नव्हता, पाळीला निघायचा आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचा. गैरहजेरी वाढली. कंपनीने आपल्या पसंतीच्या डॉक्टरकडे त्याला नेले आणि चिठ्ठी घेतली : ‘मानसिक कारणास्तव कामास अयोग्य.’ त्या चिठ्ठीवर त्याची नोकरी गेली. चिठ्ठीत काय लिहिले आहे, हे त्याला कोणी वाचून दाखवले नव्हते. पत्नीच्या हातातील पिशवीत गोळ्यांची रिकामी पाकिटे होती. ती पुन्हा पुन्हा एकच सांगत होती, ‘‘साहेब, ते वेडे नाहीत, आजारी आहेत.’’

मी अर्जावर ‘योग्य कार्यवाहीसाठी’ असा शेरा मारला आणि तो संबंधित कचेरीकडे पाठवला. दीड महिन्याने उत्तर आले की कार्यवाही नियमानुसार झालेली आहे. मी ‘नस्तीबंद’ लिहून सही केली. प्रशासनाच्या व्याकरणात ही दोन्ही वाक्ये निर्दोष होती.

पुष्कळ वर्षांनी, दुसऱ्याच कामासाठी कर्मचारी राज्य विमा योजनेचे नियम वाचत असताना मला कळले की दीर्घकालीन आजारांसाठीच्या विस्तारित लाभाच्या यादीत ३४ रोगांची नावे आहेत आणि त्यांत क्षयरोग, कर्करोग यांच्याबरोबर स्किझोफ्रेनिया व गंभीर नैराश्यही आहे. साधा आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. या यादीतील आजार असेल आणि नोकरी-वर्गणीच्या अटी पूर्ण होत असतील, तर तो ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. ही तरतूद २००४ मध्येही होती. तो टर्नर अटींत बसत होता का, हे पाहायला हवे होते. कंपनीने पाहिले नाही, डॉक्टरने पाहिले नाही, त्या कचेरीने पाहिले नाही आणि मीही पाहिले नाही. त्या प्रकरणात कायदा कमी पडला नव्हता. कायदा आणि आजारी माणूस यांच्यामध्ये उभे राहून दोन्ही भाषा समजणारा कोणी नव्हता, ही उणीव होती.

व्यावसायिक संघटनेचे काम हेच असते, असे मला वाटते.

जी संघटना आहे, तिच्याकडून काय शिकावे

या क्षेत्रात भारताची पाटी कोरी नाही. असोसिएशन ऑफ इंडस्ट्रियल सायकियाट्री ऑफ इंडिया ही संस्था आहे आणि तिचे इंडस्ट्रियल सायकियाट्री जर्नल नियमितपणे निघते. २००९ मध्ये त्याचा अठरावा खंड प्रसिद्ध झाला. त्यातील लेख कोणालाही विनामूल्य वाचता येतात, ही फार मोठी गोष्ट आहे. या नियतकालिकाचे संपादन दीर्घकाळ सांभाळणारे डॉ. सुप्रकाश चौधुरी लष्करी सेवेतून आलेले. त्यांनी रांचीत, नगर जिल्ह्यातील लोणीत आणि नंतर पिंपरीत अध्यापन केले. म्हणजे या विद्याशाखेच्या एका धाग्याचे दुसरे टोक महाराष्ट्राच्या कारखानदारी पट्ट्यातच आहे.

तरीही एक गोष्ट नजरेत भरते. नाव उद्योगाचे असले तरी त्या नियतकालिकाची बरीच पाने सर्वसाधारण मानसोपचाराने भरलेली असतात. याचा दोष संपादकांना देणे अन्यायाचे होईल. संशोधकाला जे रुग्ण सापडतात त्यांच्यावर तो लिहितो आणि ते सापडतात रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात. कारखान्याचे फाटक संशोधकाला सहसा उघडत नाही. मालकाला बदनामीची भीती आणि कामगाराला नोकरीची. जोवर हे फाटक उघडत नाही तोवर औद्योगिक मानसोपचार ही शाखा नावाने औद्योगिक आणि व्यवहाराने रुग्णालयीन राहणार.

याच नियतकालिकात २०१४ मध्ये डॉ. आर. श्रीनिवास मूर्ती यांनी भोपाळच्या वायुपीडितांच्या मानसिक आरोग्यावर एक लेख लिहिला. प्रत्येक प्रशासकाने तो वाचावा. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री विषारी वायू पसरला तेव्हा मध्य प्रदेशातील पाचही वैद्यकीय महाविद्यालयांत अध्यापक म्हणून एकही मानसोपचारतज्ज्ञ नव्हता. फेब्रुवारी १९८५ मध्ये लखनौहून आलेल्या पथकाने दहा दवाखान्यांतील ८५५ रुग्ण तपासले आणि त्यांतील १९३ जणांना, म्हणजे २२.६ टक्क्यांना, मानसिक विकार असल्याचे आढळले. तज्ज्ञ एवढे थोडे, पीडित एवढे अधिक. तेव्हा जो मार्ग काढला गेला तो साधा होता. एप्रिल १९८५ मध्ये वायुपीडितांवर उपचार करणाऱ्या सुमारे पन्नास सामान्य डॉक्टरांना थोडक्या दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले आणि त्यांच्यासाठी पुस्तिका तयार झाली. देशातील सर्वांत मोठ्या औद्योगिक दुर्घटनेने शिकवलेला धडा असा की तज्ज्ञांची वाट पाहत बसू नये. जो डॉक्टर आधीच कामगाराजवळ आहे त्याला शहाणे करावे.

तो धडा अजून शिळा झालेला नाही. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात मध्य प्रदेशात दर लाख लोकसंख्येमागे ०.०५ मानसोपचारतज्ज्ञ आढळले, केरळमध्ये १.२. म्हणजे मध्य प्रदेशात वीस लाखांमागे एक. त्याच सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मानसिक विकारांत उपचाराविना राहणाऱ्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के होते. अशा प्रदेशात संघटनेने केवळ मानसोपचारतज्ज्ञांनाच सभासद करून घेतले, तर वार्षिक सभेला एक बाक पुरेल.

तोफगोळ्यांच्या कारखान्यातून आलेली विद्या

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्या तरुण मंडळींना आणखी एक गोष्ट सांगाविशी वाटली, कारण ती जबलपूरसारख्या गावाला विशेष शोभणारी आहे. कामगाराचा थकवा आणि मन हा शास्त्राचा विषय झाला तो दारूगोळ्याच्या कारखान्यांमुळे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनला तोफगोळे कमी पडू लागले, तेव्हा कामगारांना रविवारची सुट्टी न देता आठवडेच्या आठवडे राबवले गेले. सप्टेंबर १९१५ मध्ये तेथील युद्धसामग्री मंत्रालयाने सर जॉर्ज न्यूमन यांच्या अध्यक्षतेखाली दारूगोळा कामगारांच्या आरोग्यासाठी एक समिती नेमली. तिने मोजमाप करून दाखवले की तास वाढवले म्हणून उत्पादन त्या प्रमाणात वाढत नाही. उलट तास कमी केल्यावर काही ठिकाणी ते वाढते. या कामातून १९१८ मध्ये औद्योगिक थकव्याचा अभ्यास करणारे मंडळ जन्माला आले. पुढे १९३५ मध्ये तेथील मोजक्या कारखाना-डॉक्टरांनी आपली संघटना काढली. आजची सोसायटी ऑफ ऑक्युपेशनल मेडिसिन ती हीच.

आपल्याकडे स्वातंत्र्याच्या आगेमागे दोन रोपे लावली गेली. १९४७ मध्ये इंडियन सायकियाट्रिक सोसायटी आणि १९४८ मध्ये सोसायटी फॉर द स्टडी ऑफ इंडस्ट्रियल मेडिसिन, जिला आज आपण इंडियन असोसिएशन ऑफ ऑक्युपेशनल हेल्थ म्हणून ओळखतो. एकीकडे मनाचे डॉक्टर, दुसरीकडे कारखान्याचे डॉक्टर. पाऊण शतक ही दोन घरे शेजारी राहिली आणि त्यांच्यातील कुंपणाला दार मात्र फारसे पडले नाही. तरुण संघटनेला जागा आहे ती या कुंपणाच्या दारात.

अर्थात दारात उभे राहणाऱ्याला दोन्हीकडून ढकलले जाते. याचे उदाहरणही आपल्याच इतिहासात आहे. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि ना. म. जोशी सदस्य असलेल्या रॉयल कमिशन ऑन लेबरने १९३१ च्या अहवालात कारखान्यांत कामगार अधिकारी नेमावेत अशी शिफारस केली. मुंबईत १९३६ मध्ये सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने, म्हणजे आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने, अशा कामासाठी माणसे घडवली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. पगार मालकाकडून आणि कर्तव्य कामगाराप्रति, अशी ती रचना होती. पुष्कळ प्रामाणिक अधिकाऱ्यांनी ती निभावली. पण अनेक ठिकाणी कल्याण अधिकारी हळूहळू व्यवस्थापनाचा माणूस झाला, चौकशीच्या नोटिसा त्याच्याच हातून जाऊ लागल्या आणि कामगाराने आपले दुखणे त्याला सांगणे बंद केले. त्या दिवशी खोलीत बसलेला निवृत्त कल्याण अधिकारी हे ऐकून म्हणाला, ‘‘हे पुस्तकात वाचायची मला गरज नाही. मी तीस वर्षे तेच पाहिले.’’

तपासणीचा कागद कोणाच्या हाती?

म्हणून माझा आग्रह पुन्हा त्याच प्रश्नाकडे येतो. मानसोपचाराच्या बाबतीत तो कल्याण अधिकाऱ्याच्या प्रश्नाहून नाजूक आहे. हात मोडला तर तो लपत नाही आणि त्याची लाजही वाटत नाही. मन मोडले तर कामगार ते लपवतो, कारण ते कळले की पाळी जाते, यंत्र जाते, शेवटी नोकरी जाते. ज्या तपासणीचा निकाल मालकाच्या मेजावर जातो, त्या तपासणीत कोणीही खरे बोलणार नाही.

जपानने या प्रश्नाला कायद्याने उत्तर दिले आहे. अतिश्रमाने होणाऱ्या मृत्यूंनी तो देश हादरला होता. २०१४ मध्ये असे मृत्यू रोखण्यासाठी कायदा झाला आणि डिसेंबर २०१५ पासून पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत वर्षातून एकदा मानसिक ताणाची तपासणी करणे मालकावर बंधनकारक झाले. मात्र तिचा निकाल थेट कर्मचाऱ्याच्या हाती जातो. त्याच्या संमतीवाचून तो मालकाला मिळत नाही. ताण अधिक आढळला आणि कर्मचाऱ्याने मागणी केली तर डॉक्टरशी भेट घडवून आणणे मालकाचे कर्तव्य आहे आणि अशी मागणी केली म्हणून त्याला त्रास देण्यास मनाई आहे. खर्च मालकाचा, कागद कामगाराचा. मला ही विभागणी फार शहाणपणाची वाटते.

आपल्याकडे कायद्याचा पाया आता तयार आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २९ मे २०१८ पासून अमलात आहे. उपचारातील गोपनीयता हा त्याने रुग्णाचा हक्क मानला आहे आणि आरोग्यविम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने वागवावे असे म्हटले आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमात मानसिक आजाराचा समावेश आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रमसंहितांनी कल्याण अधिकाऱ्याची मर्यादा पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आणली आणि वार्षिक मोफत आरोग्य तपासणीची तरतूद केली. पण कारखान्यातून कळवाव्या लागणाऱ्या रोगांच्या अनुसूचीत शिसे, पारा, सिलिका यांचे विकार आहेत. मानसिक विकार नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्येच व्यावसायिक रोगांच्या यादीत मानसिक व वर्तनविषयक विकारांना स्थान दिले होते. शिवाय अडीचशेची मर्यादा कितीही स्वागतार्ह असली तरी रिछाईच्या चाळीस कामगारांच्या कारखान्याला ती शिवत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. कामगाराला तुटपुंजे वेतन द्यायचे, ठेकेदाराच्या मर्जीवर ठेवायचे, बारा तास राबवायचे आणि मग त्याची झोप उडाली की त्याला समुपदेशकाकडे पाठवायचे, हा मानसोपचार की मलमपट्टी? संघटना जर मालकांच्या खर्चाने ‘तणावमुक्ती’ची शिबिरे भरवत राहिली, तर हा आक्षेप खराच ठरेल. जागतिक आरोग्य संघटनेने सप्टेंबर २०२२ मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्यासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत व्यक्तीला सावरण्याबरोबरच कामाची रचना बदलण्याचाही समावेश आहे. नैराश्य आणि चिंताविकारांमुळे जगात दरवर्षी १२ अब्ज कामाचे दिवस वाया जातात, हा त्याच संघटनेचा अंदाज आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासांचीच आहे, हे खरे. पण बारा तासांच्या पाळीने झोपेवर, अपघातांवर, घरावर काय परिणाम होतो, हे मोजून सांगणारे कोणी असायला हवे. १९१५ च्या समितीने हेच केले होते. बाजू घेण्याआधी मोजणे, आणि मोजल्यावर निष्कर्ष कोणालाही न घाबरता सांगणे, ही व्यावसायिक संघटनेची खरी पत.

हा प्रश्न निळ्या गणवेशापुरताही नाही. २०२४ मध्ये पुण्यात एका तरुण सनदी लेखापालाच्या मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेल्या पत्राने देशभर चर्चा झाली. काही आठवडे वृत्तवाहिन्यांवर कामाचे तास मोजले गेले. मग विषय मागे पडला, कारण तो धरून ठेवणारी, वर्षानुवर्षे आकडे जमवणारी यंत्रणा नव्हती. दुर्घटनांचेही तेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये खमरियाच्या कारखान्यात स्फोट झाला. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या दारूगोळा कारखान्यातील स्फोटात आठ कामगार दगावले. मृतांच्या कुटुंबांना भरपाई जाहीर होते, कारणांची चौकशी होते. पण शेजारच्या इमारतीतून ते पाहिलेला माणूस पुढच्या आठवड्यात त्याच स्फोटकांसमोर उभा राहतो तेव्हा त्याच्या मनाची विचारपूस कोणी करायची, हे ठरलेले असायला हवे.

वाढ म्हणजे काय?

त्या बैठकीत अखेर सभासदवाढीवर बोलणे झालेच. मी माझी मते सांगितली. ती येथे मांडतो, कारण अशा तरुण संघटना महाराष्ट्रातही उभ्या राहायला हव्यात.

पहिले, दार रुंद ठेवावे. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, कारखाना-डॉक्टर, परिचारिका, कल्याण अधिकारी, विमा दवाखान्यातील वैद्यकीय अधिकारी या सर्वांना सभासदत्व आणि मताधिकार असावा. कामगार संघटना आणि उद्योजक संघटना यांचे प्रतिनिधी सल्लागार मंडळात समसमान असावेत; कार्यकारिणीत कोणीही नसावेत.

दुसरे, पैसा कोठून येतो ते दरवर्षी छापावे. औषध कंपनीच्या खर्चाने पंचतारांकित परिषद भरवली की सभासद वाढतात. पण विश्वास वाढत नाही. थोडी वर्गणी, थोडे प्रशिक्षण-शुल्क आणि साधी सभागृहे यांवर पहिली दहा वर्षे काढता येतात.

तिसरे, अंगावर घ्यायचे पहिले काम प्रशिक्षणाचे असावे. कारखाना-डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम देशात रुळलेला आहे आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत औद्योगिक मानसशास्त्राचा विभागही आहे. त्या अभ्यासक्रमात मानसिक आरोग्याला भरीव स्थान मिळवून देणे, हे संघटनेला शासनाकडे मागता येण्याजोगे नेमके आणि अल्पखर्चिक उद्दिष्ट आहे. एका जिल्ह्यात पन्नास डॉक्टर शिकवले, तरी १९८५ च्या भोपाळएवढे काम होते. आणि ते दुर्घटनेची वाट न पाहता होते.

चौथे, लहान कारखान्यांसाठी सामाईक सेवा हवी. एका कारखान्याला समुपदेशक परवडत नाही; वसाहतीतील पन्नास कारखान्यांना मिळून परवडतो. सर्वांनी वर्गणी एका निधीत भरली आणि समुपदेशकाची नेमणूक कोणत्याही एका मालकाच्या हाती राहिली नाही, तर ‘डॉक्टर कोणाचा’ या प्रश्नाचे उत्तरही आपोआप सोपे होते. औद्योगिक विकास महामंडळांनी अशा निधीला जागा आणि सुरुवातीचे अनुदान द्यावे.

पाचवे, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे, ‘कामास अयोग्य’ हे शब्द लिहिण्याची आचारसंहिता. अशा प्रमाणपत्राची प्रत रुग्णाला त्याच्या भाषेत समजावून दिली पाहिजे, दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याची संधी दिली पाहिजे, कोणते काम करता येईल हेही लिहिले पाहिजे आणि विमा योजनेतील हक्काची माहिती त्यासोबत जोडली पाहिजे. हे नियम मोडणाऱ्या सभासदाला काढून टाकण्याचे धैर्य संघटनेने दाखवले, तर तिचे प्रमाणपत्र न्यायालयातही वजनदार ठरेल. सभासदांची संख्या हा वाढीचा एक आकडा झाला. किती कामगार उपचार घेऊन त्याच यंत्रावर परतले, हा दुसरा. मला दुसरा आकडा पाहायला आवडेल.

मी बोलायचे थांबलो तेव्हा त्या उद्योजकाने एक शंका काढली. चांगल्या कामगाराला दोन वर्षे रजेवर ठेवायचे तर त्याच्या जागी काम कोणी करायचे? शंका रास्त होती आणि माझ्याकडे पूर्ण उत्तर नव्हते. तरुण डॉक्टर म्हणाली, बहुतेकांना दोन वर्षे लागतच नाहीत. वेळेवर उपचार मिळाले तर काही आठवड्यांत माणूस कामावर उभा राहतो. दोन वर्षे लागतात ती लपवून ठेवल्यामुळे. उद्योजकाने ते वहीत लिहून घेतले.

घटनेच्या मसुद्यात गोपनीयतेचे कलम तिसऱ्या क्रमांकावर आले आहे, सभासदत्वाच्या कलमाच्या आधी. संघटनेचे पहिले काम म्हणून परिषद न घेता एक पान छापायचे ठरले. विमा योजनेत मानसिक आजारासाठी काय मिळते, कोणाकडे जायचे, मालकाला काय सांगणे बंधनकारक आहे आणि काय नाही, टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक, एवढेच त्या पानावर असेल. ते रिछाईच्या प्रत्येक कारखान्यात हजेरीच्या यंत्राशेजारी लागावे, अशी योजना आहे.

त्या पानाचा मसुदा तपासण्यासाठी माझ्याकडे आला. मी त्यातून ‘योग्य कार्यवाही’ आणि ‘नियमानुसार’ हे दोन शब्दप्रयोग खोडले आणि त्यांच्या जागी कोणी, कोणत्या खिडकीवर, किती दिवसांत काय करायचे ते लिहिले.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. मराठी अनुवाद.)